देवाची वेळ येईपर्यंत आपण करायचं काय? घाई कमी करायची माझी साधी पद्धत

सगळ्यात आधी आमच्या प्लॉटची गोष्ट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हिला काय, कूलरसमोर बसून लोकांना सल्ले देऊन राहिली.

२०२१ चं साल. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली होती, घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायचा, आणि आम्ही दोघं रोज रात्री प्रार्थनेत एकच मागायचो, प्रभु, आपलं छोटंसं घर दे. मग एकानं नागपूरजवळ बेसाच्या पुढे प्लॉट दाखवला. शनिवारी भर दुपारी. म्हणे ताई, आज बयाना दिला तर या रेटनं, सोमवारपासून फुटामागे पन्नास रुपये वाढून राहिले. त्याच आठवड्यात चर्चमध्ये उघड्या दारावर संदेश झाला होता, देव जे दार उघडतो ते कोणी बंद करू शकत नाही, आणि आम्हाला वाटलं बस, हीच खूण. मोबाईलवर एफडी मोडली, दोन लाख बयाना दिला आणि तिथंच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बॉनेट इतकं तापलेलं की मनगट टेकवता येईना, माझी सही अर्धी वाकडी आली. घरी आल्यावर दिरानं पहिला प्रश्न विचारला, वहिनी, आरएल बघितलं का? आरएल म्हणजे रिलीज लेटर, प्लॉट मंजूर असल्याचा सरकारी कागद. नव्हतं बघितलं. लेआउट मंजूरच नव्हता. मग बयाना बुडेल या भीतीनं बाकीचे पैसेही हप्त्याहप्त्यानं भरले, म्हणजे एका घाईवर दुसरी घाई. आज प्लॉट आमच्या नावावर आहे आणि त्यावर एक वीट ठेवता येत नाही.

त्या माणसानं लपवलं हे खरंच, पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. आम्हाला जे पाहिजे होतं त्यालाच आम्ही देवाची खूण म्हणालो होतो, आणि म्हटल्यावर कोणालाच विचारायची गरज उरली नाही. दीर दोन गल्ल्या सोडून राहतो. एक फोन, बस.

नंतर मी बायबलमधलं १ शमुवेल १३ वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. शौल राजा गिलगालला थांबलेला, समोर पलिष्टी लोकांची फौज, आपले लोक एकेक करून पळून राहिले, आणि शमुवेल संदेष्ट्यानं सांगितलेलं की सात दिवस थांब, होमबली मी येऊन चढवीन. आणि शौल थांबलाही! पूर्ण सात दिवस. शमुवेल दिसेना म्हणून मग त्यानं स्वतःच होमबली चढवला, आणि तो चढवून होतो ना होतो तोच शमुवेल समोर हजर. म्हणजे सात दिवस काढले आणि शेवटच्या तासात कच खाल्ली. आपलंही असंच होते. थांबायला सुरुवात तर सगळेच करतात.

तर त्यानंतरच्या वर्षांत मी जे काही करून बघितलं त्यातलं जे टिकलं ते लिहिते. मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, एका ऑफिसात अकाउंट्स बघते.

सुरुवात शरीरापासून करा

हे वाचून काही लोक नाराज होतील, त्यांना वाटेल पहिली पायरी प्रार्थनाच पाहिजे. पण १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा जेव्हा झुडपाखाली बसून म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे, तेव्हा देवानं त्याला लगेच काही शिकवलं नाही. झोपू दिलं. दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं, आणि त्यानंतर चाळीस दिवस चालून डोंगरावर गेल्यावर मग बोलणं झालं, तेही वाऱ्यात, भूकंपात, आगीत नाही तर अगदी हळू आवाजात. जो माणूस पाच तास झोपून उठतो, उभ्याउभ्या चहा पितो आणि वर्धा रोडवर हॉर्न वाजवत ऑफिस गाठतो त्याला हळू आवाज ऐकू कसा येईल?

म्हणून पहिला आठवडा फक्त एवढंच. रात्री एक वेळ ठरवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक जेवण रोज बसून, टीव्ही बंद करून. आणि दिवसातून एकदा कुठंतरी पायी जा, भाजी आणायला का होईना, गाडी न काढता. मी घरापासून चर्चपर्यंत चालत जायला लागले, पंचवीस मिनिटं लागतात, आणि पहिले चार-पाच दिवस तर डोक्यात नुसती यादीच चालायची, हे राहिलं, ते राहिलं. सहाव्या दिवशी कधीतरी कडुनिंबाला मोहोर आलेला दिसला. हे काही आध्यात्मिक वाटत नाही ना? मलाही नव्हतं वाटलं.

आपण नागपूरकर तर खरं म्हणजे यात हुशार पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, दुकानदारही शटर अर्धं ओढून आडवा होतो, आणि कोणी त्याला आळशी म्हणत नाही. उन्हाची वेळ उन्हाला दिली, एवढंच. हीच अक्कल आपण लग्न, नोकरी, घर, पोराचं करिअर यात वापरत नाही.

सकाळची पंधरा मिनिटं, आणि तीसुद्धा कमी वाचायची

मी आधी वर्षात पूर्ण बायबल वाचायच्या मागे होते. तीन अध्याय रोज, टिक मारायची, पळायचं. टिका मस्त दिसायच्या, लक्षात मात्र काही नाही. आता उलटं करते, एकच छोटा भाग घेते आणि तीनदा वाचते, पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा जिथं मन अडकते तिथं थांबून. बायबल भरभर वाचणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही, पण ज्याला घाईची सवय सोडायची आहे त्यानं वाचनातही घाई ठेवली तर मग काय उपयोग.

कुठून सुरू करू असं विचाराल तर स्तोत्र १३१. तीनच ओव्या आहेत. त्यात दूध तुटलेलं लेकरू आईजवळ असते तसा माझा जीव शांत केला आहे असं म्हटलं आहे. ज्यांनी लेकराचं दूध तोडलं आहे त्या बायांना हे समजावून सांगावं लागत नाही. दूध पिणारं बाळ आईकडे येते तेच दुधासाठी, तोंड शोधत, हात मारत. तोडताना आठ-दहा रात्री नुसता आकांत असतो, घरातलं कोणी झोपत नाही. आणि मग एक दिवस तेच लेकरू मांडीवर येऊन नुसतं बसते, काही न मागता. माझ्या मुलाचं दूध तोडलं तेव्हाची ती संध्याकाळ मला अजून आठवते, तो माझ्या ओढणीच्या टोकाशी खेळत बसला होता, बाकी काही नाही. दाविदाचं स्तोत्र आहे ते, आणि त्याचा अभिषेक झाल्यावर राज्य मिळेपर्यंत तो गुहा-डोंगरांत लपत हिंडला, राजा झाला तेव्हा तीस वर्षांचा होता. म्हणजे हे शांत बसणं त्यानं आकांतानंतरच शिकलं असणार.

आणि ज्या दिवशी शांत वाटतच नाही त्या दिवशी स्तोत्र १३ वाचा. पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा कोठवर, कोठवर म्हणून विचारलं आहे. देवाशी भांडायची परवानगी बायबलमध्येच आहे, आपणच चर्चचे कपडे घालून गोड बोलत बसतो.

दोन रकान्यांची वही

हे मला अकाउंट्सच्या सवयीनं सुचलं. साधी वही घ्या, मधोमध रेघ मारा. ज्या गोष्टीची वाट बघून राहिलो ती वर लिहा, तारीख टाका. डाव्या बाजूला माझं काम, उजव्या बाजूला देवाचं. आमच्या प्लॉटचं असं आहे: डावीकडे वकिलाला भेटणं, अर्जाची पावती जपणं, लेआउटमधल्या बाकी लोकांशी मिळून पाठपुरावा करणं, दर महिन्याला चौकशी. उजवीकडे मंजुरी कधी येईल, येईल का नाही, तोपर्यंत घरमालक कसा वागेल. दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं वही उघडायची. डावीकडचं या आठवड्यात काय करणार ते लिहायचं, उजवीकडचं मोठ्यानं वाचून प्रार्थना करायची आणि वही बंद. मग शनिवारपर्यंत उजव्या रकान्यावर विचार करायचा नाही, आला तर म्हणायचं, रविवारी बघू.

पहिले दोन महिने हे अजिबात जमत नाही, रात्री दोन वाजता उजवा रकाना छातीवर येऊन बसतो. तरी चालू ठेवा.

हा डावा रकाना लई महत्त्वाचा आहे, कारण आपल्या लोकांत देवाची वेळ हे आळसाचं पांघरूण पण होते. फॉर्म भरला नाही, अभ्यास केला नाही, मुलाखतीला गेला नाही, आणि विचारलं तर प्रभुच्या वेळेची वाट पाहून राहिलो. बाप्पा! नहेम्याचं पुस्तक उघडा. यरुशलेमचा कोट पडला आहे हे त्याला किसलेव महिन्यात कळलं आणि ज्याच्या चाकरीत होता त्या राजासमोर तो बोलला नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिने तो उपास आणि प्रार्थना करत थांबला. पण राजानं जेव्हा विचारलं की तुला काय पाहिजे, तेव्हा त्यानं असं नाही म्हटलं की थांबा विचार करून सांगतो. किती दिवस लागतील, कोणत्या सुभेदारांना पत्रं पाहिजेत, लाकूड कोणत्या वनाच्या रखवालदाराकडून घ्यायचं, सगळी यादी तोंडपाठ. त्या चार महिन्यांत त्याचा डावा रकाना भरून निघाला होता.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट. अंगात कुठं गाठ हाताला लागली, छातीत दुखून राहिलं, घरात कोणी मारहाण करते, जगावंसं वाटत नाही, तर यात देवाची वेळ वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

सात दिवसांचा नियम

प्लॉटनंतर आमच्या घरात हा नियम झाला. कुठल्याही मोठ्या गोष्टीला, म्हणजे पैसे, नोकरी, नातं, कोणाला जामीन राहणं, सात दिवसांच्या आत हो म्हणायचं नाही. त्या सात दिवसांत दोन माणसांना विचारायचं, त्यातला एक असा पाहिजे जो आपल्याला नाही म्हणायला घाबरत नाही. आमच्याकडे ते काम दिराला दिलं आहे आणि तो ते फार आवडीनं करतो. एक आठवडा थांबलं तर सौदा तुटेल असं समोरचा म्हणत असेल तर तुटू द्या. गेल्या तीन वर्षांत आमचे दोन सौदे असे तुटले, एक जुनी गाडी आणि एक भिशी, आणि त्या भिशीचे पैसे पुढे कोणालाच परत मिळाले नाहीत.

खूण मागायची नाही असं मी म्हणत नाही. पण खूण मिळाली असं वाटलं की स्वतःला विचारा, हीच खूण उलट बाजूनं आली असती तर मी मानली असती का? त्या आठवड्यात उघड्या दाराऐवजी अरुंद दारावर संदेश झाला असता तर आम्ही प्लॉट सोडला असता का? काहून सोडतो, सोडलाच नसता.

हेच तारखा देणाऱ्यांबद्दल. डोक्यावर हात ठेवून तीन महिन्यांत लग्न होईल, डिसेंबरच्या आत नोकरी लागेल असं सांगणारे येतात, लोक रडतात, पाकीट देतात. हबक्कूक संदेष्ट्याला देव म्हणाला की दृष्टान्त नेमलेल्या वेळेसाठी आहे, उशीर वाटला तरी वाट बघ. वेळ नेमलेली आहे हे सांगितलं, तारीख नाही सांगितली. अब्राहामाला देवानं बोलावलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मधली पंचवीस वर्षं. त्यात दहा-अकरा वर्षांनी बायको सारा आणि तो मिळून देवाला मदत करायला निघाले, साराची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ चा, आणि त्या मदतीत सगळ्यात जास्त हागार आणि तिचं लेकरूच भरडलं गेलं. घाई आपण करतो, फटका दुसऱ्याच कोणाला तरी बसतो, हे त्या गोष्टीत मला फार उशिरा दिसलं. आमच्याही घाईचे हप्ते माझ्या मुलाच्या क्लासच्या फीमधून गेले.

संत्र्याचा ताण

आता मुख्य गोष्ट. आमच्या ऑफिसात काटोलकडचे एक काका आहेत, त्यांची दोनशे-अडीचशे झाडांची संत्र्याची बाग आहे. एका जानेवारीत आम्ही सगळे तिकडे गेलो, मला वाटलं हिरवीगार बाग असेल, फोटो काढू. बघतो तर झाडं मलूल, पानं वळलेली, पिवळी पडून खाली सडा, जमिनीला भेगा. मी म्हटलं काका, विहीर आटली का? ते हसले. म्हणे विहीर भरली आहे, मी मुद्दाम पाणी तोडलं. आंबिया बहाराचा ताण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला सारखं पाणी देत राहिलं तर झाड नुसतं वाढते, पानं येतात, फूल येत नाही. म्हणून डिसेंबरच्या सुमारास पाणी बंद करतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. झाडाची वाढ थांबते, ताकद आत साठते, आणि मग ताण तोडला, म्हणजे परत पाणी सुरू केलं की सगळं झाड एकदम फुलांनी भरते. त्या फुलाचं संत्रं हातात यायला पुढे आठ-नऊ महिने. मृग बहार धरायचा असेल तर हाच ताण उन्हाळ्यात. आणि मधेच अवकाळी पाऊस झाला किंवा मालकानं कीव येऊन पाणी सोडलं तर फुलाच्या जागी नवती फुटते, कोवळी पानं, दिसायला छान, पण त्या वर्षी माल नाही.

काकांनी एक फांदी वाकवून दाखवली. पान हातात घेऊन चुरगाळलं, कानाशी नेलं, मग खाली वाकून बुंध्याजवळची माती कुदळीनं वीतभर उकरली आणि मुठीत दाबून बघितली. म्हणे अजून पाच दिवस. मी विचारलं कसं कळते? म्हणाले रोज बघतो म्हणून कळते, ताण कमी झाला तर फूल नाही आणि जास्त झाला तर झाड मरते, म्हणून पाणी चालू असते तेव्हा मी दोन-दोन दिवस बागेत येत नाही पण ताणाच्या दिवसांत रोज सकाळी येतो, एक दिवस चुकवत नाही.

मी तिथंच बांधावर बसले. कारण मला इतकी वर्षं असंच वाटायचं की आमचं पाणी बंद आहे म्हणजे मालक बाग विसरला. योसेफालाही वाटलं असेल. सतरा वर्षांचा असताना भावांनी विकला, तुरुंगात गेला, तिथं फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, प्यालेबरदाराला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि म्हणाला सुटल्यावर माझी आठवण ठेव, आणि तो विसरला. पुढे पूर्ण दोन वर्षं. फारोला पडलेल्या स्वप्नाचा अर्थ सांगायला त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा योसेफ तीस वर्षांचा. प्यालेबरदारानं लगेच सुटल्या सुटल्या वशिला लावला असता तर काय झालं असतं? योसेफ फार तर सुटून घरी गेला असता, कारण तेव्हा फारोला स्वप्नच पडलं नव्हतं.

पण हा दृष्टान्त दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नका, हं. माझी नणंद ३६ वर्षांची आहे, लग्न झालं नाही, आणि चर्चमधल्या प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी मावशी येऊन तिचा गाल धरते, देवाची वेळ असते गं बाळा. एकदा ती म्हणालीच, मावशी, देवाच्या घड्याळाचा सेल संपला का बघाल का जरा? मावशी महिनाभर बोलल्या नाहीत. मला तर नणंदेचंच बरोबर वाटलं. लाजर आजारी आहे हे कळल्यावर येशू आणखी दोन दिवस जिथं होता तिथंच राहिला, पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजरला परत जिवंत करणार आहे हे त्याला माहीत होतं. तरीही मार्था आणि मरीया जेव्हा म्हणाल्या की तू इथं असतास तर भाऊ मेला नसता, तेव्हा तो उशिराचं कारण समजावत बसला नाही, मरीयेला रडताना बघून तोही रडला. वाट बघणाऱ्या माणसाकडे गेलात तर चहा प्या, भांडी घासून द्या, दवाखान्यात सोबत बसा. देवाच्या वेळेबद्दल बोलायचं असेल तर ते त्यालाच बोलू द्या.

चर्चचीही घाई असते

हे लिहू का नको असं झालं होतं पण लिहितेच. रविवारी आमचं कसं असते, सकाळी संडे स्कूल, मग उपासना, मग कमिटीची मीटिंग, मग कोणाचा तरी साखरपुडा, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेची कॉटेज मीटिंग, मधे क्वायरची प्रॅक्टिस. रात्री घरी येतो तर एकमेकांवर खेकसतो. चौथ्या आज्ञेत देवानं विसावा सांगितला आणि आपण त्या दिवसाचा सगळ्यात जास्त चोथा करतो. मी दोन जबाबदाऱ्या सोडल्या. एक वर्ष लोक जरा तिरकं बोलले, मग दुसऱ्या एका पोरीनं संडे स्कूल घेतलं आणि ती माझ्यापेक्षा चांगलं घेते. आता उपासनेनंतर जेवण, झोप, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर, नाहीतर सासूबाईंसोबत नुसतं गॅलरीत बसणं. रविवारी सौदा नाही, बँक नाही, प्लॉटचा विषय वहीच्या दहा मिनिटांपुरता.

पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा घ्या. नर्स, पोलिस, हॉटेलात काम करणारे, यांना रविवार मिळत नाही, त्यांनी मंगळवार घ्यावा.

आणि आपलंच फळ आपल्याला नाही दिसलं तर?

हा प्रश्न खरा. इब्री ११ मध्ये विश्वासाच्या लोकांची मोठी यादी दिली आहे आणि मधेच सांगितलं आहे की ही माणसं वचनाचं फळ हाती न येताच मेली, त्यांनी ते दुरूनच पाहिलं. हे वाक्य आपण साक्षीच्या वेळी वगळतो, कारण साक्ष नेहमी मिळालं त्याचीच असते.

आपल्याच गावात बघा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, शाळा चालवल्या, फिरता फिरता इथल्या दगडांचा अभ्यास केला, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना बुडून वारला. त्याच्या नावाचं कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वीस वर्षांनी. सिव्हिल लाइन्समधून जाताना त्या गेटवर नाव दिसते तेव्हा मला हे आठवते.

आणि कवी नारायण वामन टिळक. ते नागपुरात होते, इथून राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यात एका मिशनऱ्याशी ओळख झाली आणि त्यानं त्यांना बायबल दिलं. एवढंच, एक प्रवास. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईला. मग बायकोची, लक्ष्मीबाईंची वाट. त्या काळात नवऱ्यानं धर्म बदलला म्हणजे बाईवर काय कोसळत असेल, त्या नातेवाइकांकडे राहिल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, स्वतः पटल्यावर. टिळकांना घाई करता आली असती, त्या काळी नवऱ्याचा शब्द बाईला मोडता येत नव्हता. घरातल्या माणसाच्या विश्वासासाठी प्रार्थना करणाऱ्यांनी ही पाच वर्षं जरा डोळ्यासमोर ठेवावी, आणि नवऱ्याला चर्चला चला म्हणून रोज टोचणं थोडं कमी करावं. हे मी माझ्या एका मैत्रिणीसाठी लिहिलं आहे, ती वाचेल तर तिला कळेल.

सराव कधी सुरू करायचा

मी म्हणेन आगमनकाळात करा, नाताळच्या आधीचे चार रविवार. चर्चचं कॅलेंडर आपल्याला दरवर्षी थांबायला शिकवते आणि आपण त्या चार आठवड्यांत शॉपिंग उरकतो. घरात थांबायची सवय लावायची असेल तर अनारसे करा, गंमत नाही सांगत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरायचे, पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, थोडे ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळे डब्यात दाबून ठेवायचे आणि निदान चार-पाच दिवस हात लावायचा नाही. मागच्या नाताळात मी दुसऱ्याच दिवशी डबा उघडला, म्हटलं बघू, झालंच असेल. खसखशीवर थापून तुपात सोडला आणि अनारसा हसला, बघता बघता कढईभर चुरा. आईनं झाऱ्यानं तो चुरा काढला, वाटीत घालून माझ्या हातात दिला आणि डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं तारीख लिहिली. चुरा गोडच होता, मुलानं दुधात टाकून खाल्ला.

सुटेल मधे मधे. वही पंधरा दिवस उघडणार नाही, फोन परत उशाखाली येईल, कोणीतरी शनिवारी दुपारी मस्त ऑफर घेऊन येईल आणि जीव खाली-वर होईल. सुटलं तिथून पुढे, मागचं भरून काढायला बसायचं नाही, भरून काढणं ही पण घाईच.

आरएल अजून आलं नाही. घरमालकानं जूनमध्ये परत भाडं वाढवलं. मागच्या रविवारी डाव्या रकान्यात लिहिलं, बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा, पावतीची झेरॉक्स, दिराला सोबत घेणे.